छोट्या रेल्वेतला खरा चिखल

दुकानाच्या काचेआड गोल गोल फिरणारी खेळण्यातली आगगाडी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. खाली हिरवागार गालिचा, चकचकीत रूळ, लाल कौलांचे इवलेसे स्टेशन आणि रंगाऱ्याने आत्ताच हात फिरवला असावा असे इंजिन. मुले तासन् तास पाहत राहतात. पण ज्या घरातला कर्ता माणूस रेल्वेत कामाला आहे, त्या घराला हे चित्र काही खरे वाटत नाही. सगळे असते, फक्त चिखल नसतो! जुलै महिन्यात कुठल्याही लहान स्टेशनच्या मालधक्क्यावर जाऊन पाहा. ट्रकच्या चाकोऱ्या, त्यात साचलेले चहाच्या रंगाचे पाणी, ते चुकवण्यासाठी हमालांनी टाकलेले विटांचे तुकडे, आणि रुळालगत खडीतून वर आलेला राखाडी राडा. रेल्वे अशी असते.

इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांत खऱ्या रेल्वेची हुबेहूब छोटी प्रतिकृती करण्याचा छंद फार जुना आहे. त्याला मॉडेल रेल्वे म्हणतात. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ सालापासून आहे. या छंदात इंजिन विकत मिळते, डबे मिळतात, रूळ मिळतात, झाडेदेखील मिळतात. परदेशात तर तयार चिखलाच्या बाटल्याही मिळतात. तरीसुद्धा पुष्कळांचा चिखल खोटाच दिसतो. त्याचे कारण काय आणि खरा दिसणारा चिखल कसा करावा, ते या लेखात पाहू.

बाहेरून आलेले इंजिन कामगाराच्या खिशाला परवडणारे नाही, हे आधीच मान्य करतो. पण या कामाला इंजिन लागतेच असे नाही. दोन फूट लांब व एक फूट रुंद फळी, तिच्यावर रुळाचा एक तुकडा, मालधक्का, एखादी बैलगाडी आणि पावसाळा, एवढेही पुरते. शाळेच्या प्रदर्शनात असा देखावा नक्की उठून दिसेल. शिवाय चिखलाला पैसे पडत नाहीत. आणि जयंतीचे चित्ररथ उभे करणारे हात आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. पुठ्ठा, प्लास्टर, डिंक, रंग ही सामग्री त्यांना नवी नाही. नवे आहे ते फक्त माप.

माप नीट समजून घ्यावे. या छंदातले सर्वांत प्रचलित माप ८७ ला १ असे आहे; म्हणजे खऱ्या ८७ फुटांचा देखाव्यात १ फूट होतो. साडेपाच फूट उंचीचा माणूस या हिशेबाने दोन सेंटिमीटरहून किंचित कमी भरतो. त्याचे पाऊल तीन मिलिमीटरच्या आत येते. वीट साधारण अडीच मिलिमीटरची. ट्रकच्या टायरची चाकोरी तीन मिलिमीटर रुंद, आणि वीतभराच्या निम्मी खोल असलेली चाकोरी देखाव्यात जेमतेम एक मिलिमीटर खोल. रुळाखालची खडी आपल्या रेल्वेत ६५ मिलिमीटरपासून २० मिलिमीटरपर्यंतची असते. देखाव्यात ती रव्याच्या दाण्याएवढी होते. म्हणून कोणी खराच रवा वापरू नये, चार दिवसांत मुंग्या येतील! बारीक चाळलेली वाळू घ्यावी. नवशिक्याचा चिखल फसतो तो बहुधा इथेच. तो बोटभर खोल खड्डे करतो, आणि मग दोन सेंटिमीटरचा माणूस त्यात छातीपर्यंत बुडालेला दिसतो.

या छंदात मळ, गंज आणि धूळ यांना मान मिळवून देणाऱ्यांत जॉन ॲलन या अमेरिकन माणसाचे नाव मोठे आहे. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी येथे आपल्या घराच्या तळघरात त्याने एक डोंगराळ रेल्वे उभी केली होती. तो व्यवसायाने छायाचित्रकार. कॅमेऱ्याला चकचकीत इंजिन खोटे दिसते हे त्याला कळत होते, म्हणून त्याने नवी कोरी इंजिने व इमारती मुद्दाम जुन्या आणि मळक्या केल्या. १९७३ च्या जानेवारीत तो वारला आणि काही दिवसांतच लागलेल्या आगीत त्याचे बहुतेक काम नष्ट झाले. त्याने काढलेली छायाचित्रे राहिली, आणि आजही लोक त्यांवरून शिकतात.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरच्या लाँग विटनम गावातले. रॉय इंग्लंड हा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून तिकडे गेला. व्हाइट हॉर्सच्या खोऱ्यातली जुनी गावे डोळ्यांदेखत बदलताना त्याने पाहिली. ही गावे जशी आहेत तशी, घर न् घर, मापात करून ठेवायची असे त्याने ठरवले. त्यातून १९५४ साली पेंडन संग्रहालय सुरू झाले. एकेका झोपडीवर महिनेच्या महिने काम केलेले आहे. राजवाडे नव्हेत, शेतमजुरांची घरे, त्यांची परसे आणि गाडीवाटा! राजवाड्यांची चित्रे काढणारे पुष्कळ असतात. गाडीवाटेची नोंद ठेवणारा विरळा, आणि ती कामे मला म्हणूनच मोलाची वाटतात.

आता खरा मुद्दा. चिखल हा रंग नव्हे. चिखल ही घडलेली घटना आहे. पाणी कुठून तरी आले, त्याला वाट मिळाली नाही, ते मातीत थांबले, आणि त्यावरून कोणी तरी गेले. या चार गोष्टी जिथे जुळतात तिथेच चिखल होतो. देखावा करणारा तपकिरी रंगाचा डबा घेऊन कुठेही फासतो, म्हणून बाटलीतला तयार चिखलही खोटा दिसतो. तेव्हा ब्रश हातात घेण्याआधी प्रश्न विचारावा: इथे पाणी कुठून आले?

स्टेशनच्या आवारात याची उत्तरे ठरलेली असतात. छपराला पन्हळ नसेल तिथे पागोळ्यांची सरळ रेघ पडते आणि खाली ओळीने लहान लहान खळगे होतात. नळाच्या कट्ट्याभोवती बाराही महिने ओल असते. लेव्हल क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना चाकांनी आणलेली शेतातली माती सांडलेली असते. मालधक्क्याजवळ ट्रक मागे-पुढे होतात, तिथली जमीन सर्वांत जास्त मळली जाते. वाफेच्या इंजिनांचा काळ दाखवायचा असेल तर पाण्याच्या पंपाखाली आणि लोको शेडमध्ये चिखल काळाच हवा, कारण त्यात कोळशाची राख आणि तेल मिसळलेले असे. उंच भरावावर मात्र चिखल दाखवू नये. तिथले पाणी उतारावरून निघून जाते.

रुळाखालचा चिखल हा तर स्वतंत्र विषय आहे. खडी अंथरतात ती दोन कारणांसाठी. गाडीचे वजन पसरावे आणि पाण्याचा निचरा व्हावा. पण वर्षानुवर्षे गाड्यांच्या दणक्याने खडीचे कोपरे झिजून त्यांची भुकटी होते, खालची माती वर येते, बाजूची गटारे तुंबतात. मग खडीतल्या फटी भरून जातात. पाऊस पडला की स्लीपरखाली पाणी साचते. चाक वर आले की स्लीपर दबतो आणि ते पाणी मातीसकट पिचकारीसारखे बाहेर उडते. चाक गेले की स्लीपर उचलला जातो आणि पुन्हा पाणी आत. रेल्वेचे लोक याला पंपिंग म्हणतात. प्रत्येक चाकागणिक पोकळी वाढते, रूळ खचतो, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर गाडीचा वेग कमी करावा लागतो. त्यावरचा उपाय म्हणजे खडी काढून चाळणे, भुकटी टाकून देणे, गटारे मोकळी करणे. हे काम आता बऱ्याच ठिकाणी यंत्रे करतात; पूर्वी ते सगळे फावडे, घमेले, पहार आणि माणसाची पाठ यांच्यावर होते.

देखाव्यात हे दाखवणे सोपे आहे आणि फार परिणामकारक ठरते. रुळाच्या एखाद्या सांध्याजवळ दोन-तीन स्लीपरांपुरती खडी मातीने भरून टाकावी, तिच्यावर फिकट राखाडी शिंतोडे स्लीपरच्या टोकांपर्यंत आणि रुळाच्या कुशीवर उडवावेत. शिंतोडे उडवायला जुना दात घासायचा ब्रश आणि अंगठा पुरतो. संपूर्ण मार्गावर असे करू नये. एकाच ठिकाणी करावे, आणि त्याच ठिकाणी गँगमन उभे करावेत.

गँगमनवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित वर्गाच्या कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी तिथे मांडलेल्या तक्रारींत ही एक होती की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टरची जागासुद्धा सहसा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. म्हणजे फलाटाच्या कोरड्या फरशीवर कोण उभा राहील आणि रुळाकडेच्या राड्यात कोण, हे ठरलेले होते. त्या काळातल्या एखाद्या स्टेशनचा देखावा कोणी करील आणि चिखल पुसून टाकील, तर त्याने नुसती माती पुसली असे नव्हे. त्यात उभी असलेली माणसेही पुसली.

असो. आता हाताला माती लावू.

पाया म्हणून प्लायवूडची फळी उत्तम. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे उंचवटे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे करावेत आणि त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेले वर्तमानपत्राचे तुकडे पसरावेत. प्लास्टर घट्ट होताना चांगलेच तापते. मुलांना त्यात हात बुडवून बसू देऊ नये, आणि उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये, नळी कायमची बंद होईल. पाया वाळल्यावर त्याला ऑइल पेंटचा एक हात द्यावा म्हणजे पुढच्या ओलीने पुठ्ठा वाकणार नाही. मग गंमत करा. फळी समोर ठेवून वरच्या बाजूने चमचाभर पाणी सोडा. ते कुठून वाहते, कुठे थांबते, ते पेन्सिलीने आखून घ्या. जिथे पाणी थांबले, तिथे तुमचा चिखल! एवढ्या एका प्रयोगाने अर्धे काम होते, आणि मुलांना तो फार आवडतो.

माती विकत आणू नये. ज्या गावचा देखावा, त्या गावची माती. आपल्या पठारावरची काळी, कोकणातली लाल, नदीकाठची पिवळसर. इंग्लंडच्या त्या खोऱ्यात शेजारच्या टेकड्यांत पांढरा खडू आहे, म्हणून तिथल्या वाटा फिकट पडतात. मूठभर माती आणून उन्हात वाळवावी, ढेकळे फोडावीत, आणि स्वयंपाकातून बाद झालेल्या तव्यावर वाफ यायची थांबेपर्यंत भाजावी. किडे आणि बुरशी मरतात. नंतर आधी पिठाच्या चाळणीने, मग चहाच्या गाळणीने आणि शेवटी जुन्या मलमलीतून वस्त्रगाळ करावी. तिन्ही जाडीची माती वेगवेगळ्या डब्यांत ठेवावी, तिन्ही लागतात.

यानंतरची पायरी अनेक जण सोडतात. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मातीतून तीन-चार वेळा फिरवा. काळे बारीक कण पिशवीला चिकटून येतील. आपली काळी माती ज्या दगडापासून झाली त्यातच लोहाचे खनिज असते. इंजिनाच्या मोटारीत चुंबक असतो. हे कण रुळावरून उडून तिच्यात जाऊन बसतात आणि मोटार बिघडते. इंजिन चालवायचे नसेल तर ही पायरी गाळली तरी हरकत नाही.

चिखलासाठी वस्त्रगाळ माती दोन भाग, पांढरा फेव्हिकॉलसारखा डिंक एक भाग आणि बेताचे पाणी, असे पातळ पिठल्यासारखे मिश्रण करावे. काळी माती वापरणार असाल तर तिच्यात निम्मी बारीक वाळू घाला. ही माती ओलीने फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून नुसती वापरली तर तडे जातात. मे महिन्याचे शेत दाखवायचे असेल तर तडे हवेतच. पण भेगा आणि डबकी एकाच देखाव्यात दिसली तर शेतकरी हसेल. थर दोन मिलिमीटरहून जाड देऊ नये. वाळल्यावर दुसरा द्यावा.

आधी जमिनीवर पाण्याचा फवारा मारावा, आणि त्या पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकावा. त्यामुळे पाणी गोळा न होता मातीत झिरपते. खडी चिकटवतानाही हाच नियम. खडी कोरडी पसरावी, ब्रशने नीट करावी, साबणाचे पाणी फवारावे, आणि मग पाण्यात पातळ केलेला डिंक ड्रॉपरने थेंब थेंब सोडावा. आधी डिंक फासून त्यावर खडी टाकली तर ती पापडासारखी उचलून येते.

मिश्रण अर्धवट आळले, बोट टेकवले तर ठसा उमटतो पण बोटाला चिकटत नाही, अशा वेळी चाकोऱ्या काढाव्यात. छोट्या गाडीचे चाक ओले करून फिरवावे. इथे हात चालण्याआधी डोके चालवावे. सगळे गाडीवान एकाच चाकोरीतून जात नाहीत. मध्ये डबके झाले की पुढचा बाजूने काढतो, त्याच्या पुढचा आणखी बाजूने. म्हणून डबक्यापाशी वाट पंख्यासारखी रुंद होते आणि पुढे गेल्यावर पुन्हा एक होते. पायी जाणारी माणसे अगदी कडेने जातात, तिथे एक बारीक, दाबून गुळगुळीत झालेली पायवाट पडते. जिथे ती वाटही बुडते तिथे विटांचे तुकडे, फाटके पोते, एखादी फळी टाकलेली असते. डोक्यावर ओझे असलेली बाई ज्या विटेवरून पाय टाकील, ती वीट तिच्या ढांगेच्या अंतरावरच हवी. ८७ ला १ च्या मापात ते अंतर सात मिलिमीटरच्या आसपास येते.

रंगाबद्दल थोडक्यात. डिंकाने माती काळवंडते, म्हणून हवी त्यापेक्षा एक छटा फिकट माती घ्यावी. चिखल एकरंगी कधीच नसतो. उंचवट्यांचे माथे वाळून फिके पडतात, उतार मध्यम, तळ गडद. वाळलेले माथे दाखवायला ब्रशवर फिका रंग घेऊन तो जवळजवळ पुसून टाकावा आणि नुसता फिरवावा. रंग फक्त उंच भागाला लागतो. चमक मात्र तळाशीच द्यावी. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे सगळ्या जमिनीवर चकाकणारे वॉर्निश मारणे. मग चिखल न दिसता चॉकलेट ओतल्यासारखे दिसते.

डबक्यांसाठी खरे पाणी वापरू नये. पाण्याचा थेंब आपल्यासाठी लहान होत नाही. एवढ्याशा जगात तो फुगलेला गोळा दिसतो. डबक्याचा तळ आधी रंगवावा, मध्यभागी गडद आणि काठाकडे मातीच्या रंगाचा. निळा रंग अजिबात नको. त्यावर पाण्याने विरघळणाऱ्या पारदर्शक वॉर्निशचे पातळ थर, एक वाळल्यावर दुसरा, असे पाच-सहा द्यावेत. दोन बाटल्यांचे मिसळून करायचे रेझिन जास्त खोल दिसते, पण ते महाग आहे. शिवाय हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून, मोठ्या माणसानेच वापरावे. फळी मात्र अगदी सपाट ठेवावी. वाकडे डबके लगेच ओळखू येते.

गाड्यांवर चिखल उडवताना हात आखडता घ्यावा. ट्रकच्या आणि बैलगाडीच्या चाकांना, मडगार्डच्या आतून, तो हवाच. मालगाडीच्या वाघिणी मात्र खडीवरून धावतात. त्यांच्या खालच्या अंगाला चिखल नसतो, ब्रेकच्या घासण्याने उडालेली तांबूस-तपकिरी भुकटी असते. ती दाखवायला विटेची पूड वस्त्रगाळ करून कोरड्या ब्रशने लावली तरी पुरे.

इंजिन चालवायचे असल्यास रुळांच्या माथ्यावर कामाआधीच चिकटपट्टी लावून ठेवावी. वीज त्या माथ्यावरूनच चाकात जाते आणि डिंकाचा पातळ पापुद्राही गाडी अडवतो. सांधे बदलणाऱ्या हलत्या रुळांपाशी तर डिंकाचा थेंबही नको. काम झाल्यावर पट्टी काढून माथा स्पिरिटच्या फडक्याने पुसावा.

शेवटचे वॉर्निश पूर्ण वाळेपर्यंत, निदान एक दिवस, देखाव्यावर खोके पालथे घालून ठेवा. नंतरही प्लास्टिकने झाकून ठेवावा. घरातल्या धुळीचा एक तंतू त्या दोन सेंटिमीटरच्या गँगमनला वाटेत पडलेल्या दोरखंडाएवढा असतो.